लहानपणी चड्डी कशाच्या भरवशावर टिकायची?

महालकर_जुना (धागाकर्ता)

मंडळी, वाड्याची डागडुजी काढलीय म्हणून माळा रिकामा करत होतो. एका ट्रंकेत वडिलांच्या लहानपणचा फोटो निघाला. मागे पेन्सिलीनं ‘दिवाळी १९५८’ लिहिलंय. चार भाऊ ओळीनं उभे, चौघांचे शर्ट एकाच ताग्यातले. त्यात नवल नाही, ते त्या काळी घरोघरी होतं. पण चड्ड्या बघण्यासारख्या आहेत. सगळ्यात मोठ्याच्या कमरेला आजोबांचा चामडी पट्टा, त्याचं टोक बक्कलातून निघून पार पाठीकडे गेलेलं. दुसऱ्याला गॅलिस, त्यातली डावी पट्टी खांद्यावरून कोपरापर्यंत उतरलेली. तिसऱ्याच्या नाडीची दोन्ही टोकं शर्टाखालून लोंबतायत. आणि चौथे, म्हणजे आमचे तीर्थरूप, उजव्या हातानं चड्डी मुठीत धरून उभे. फोटोवाल्यानं ‘हात खाली’ म्हणून नक्की ओरडलं असणार. त्यांनी काही हात सोडलेला नाही.

घरच्यांनी अट घातली म्हणून फोटो इथे डकवत नाही.

मी ऐंशीच्या दशकातला, म्हणजे इलॅस्टिकच्या राज्यात जन्मलेला. त्याआधीच्या तीन-चार पिढ्यांचं काय चालायचं? तुमच्या घरी, तुमच्या मोहल्ल्यात काय पद्धत होती? किस्से चालतील, शिवणकामातलं कळणाऱ्यांनी लिहिलं तर फारच उत्तम.

रिकामटेकडा_बर्डी

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

खामल्याचा_पोट्टा

अरे भौ, काय विषय काढला बे! आमच्या टाइमले चड्डी म्हंजे नाडीचीच राहे. सकाळी माय मस्त सुरगाठ मारून दे. शाळेत जाईपर्यंत आपण त्या टोकाशी खेळू खेळू तिची निरगाठ करून ठेवू. मंग दुपारच्या सुट्टीत लागली का पंचाईत. एक टोक वढलं का गाठ आनखी घट्ट. घाम नाई तं पानी लागलं का सूत फुगे, मंग तं देवालेई सुटे ना. आमच्या शाळेत एक चपराशीबुवा होते, त्यायच्यासमोर पोट्ट्यायची लाइन लागे. ते बिचारे खाली बसून दातानं गाठ सोडवून देत. मास्तरच्या छडीचं एवढं भेव नोतं, जेवढं निरगाठीचं होतं.

आन नाडीचं एक टोक नेफ्यात घुसलं का खेल खतम. त्या दिवशी दफ्तर एका हातात, चड्डी दुसऱ्या हातात, असं घरी. तुमच्या वडिलायचं फोटोत तेच झालं असंन, लिहून घ्या.

खाष्ट_खडूस

देशापुढे इतके प्रश्न असताना चड्डीवर धागा. चालू द्या.

खामल्याचा_पोट्टा

@खाष्ट_खडूस, चड्डी टिकली तं देशाचं पाहता येते भौ.

सुईदोरा

मी सीताबर्डीला आणि पुढे प्रतापनगरला कितीतरी वर्षं घरी शिवण करत असे. आता डोळे साथ देत नाहीत, पण हे सगळं हाताला पाठ आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मुळात लहान मुलाला कंबर नसते. पाच-सहा वर्षांचा होईस्तो पोट पुढे, कुल्ले बारीक, वरून खाली सरळ पिंप. मोठ्या माणसाची पँट कंबरेच्या हाडावर टेकते, मुलाच्या अंगावर तिला टेकायला जागाच नाही. म्हणून एकतर चड्डी आवळायची, नाहीतर खांद्यावरून टांगायची, नाहीतर वरच्या कपड्याला जोडून टाकायची. नाडी, पट्टा, इलॅस्टिक हे सगळे आवळणारे. गॅलिस टांगणारं. आणि बाबासूट आठवत असेल तुम्हाला, वरच्या झबल्याच्या घेराला खालून बटणं आणि चड्डीच्या पट्टीला काजं, तो जोडणारा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. कापड यायचं वर्षातून एकदा, दिवाळीला. फार तर शाळा उघडताना गणवेशाचं. आई-बाप येऊन एकच सांगत, ‘बाई, वाढत्या अंगाचं शिवा.’ कंबर बावीस इंच भरली तर चड्डी सव्वीसची. त्या चार इंचांचा भार कुणीतरी उचलायचा ना? तो नाडीनं उचलायचा किंवा गॅलिसनं. चड्डी घसरायची ती शिवण चुकली म्हणून नव्हे, ती पुढच्या वर्षाच्या मुलासाठी शिवलेली असायची म्हणून.

गॅलिसची चड्डी शिवायला मला मनापासून आवडायचं. उरलेल्या कापडातून दीड इंच रुंद दुहेरी पट्टी काढायची, आत जुन्या चादरीचा तुकडा घालायचा म्हणजे पीळ पडत नाही. मागच्या बाजूला दोन्ही पट्ट्या पक्क्या शिवायच्या, अगदी जवळजवळ आणि तिरप्या, म्हणजे पाठीवर फुली पडते. सरळ शिवल्या तर पट्टी खांद्यावर राहत नाही. फोटोतल्या काकांची तशीच असणार. पुढच्या टोकाला एकेक इंचावर तीन काजं. पहिल्या वर्षी सगळ्यात आतलं काज लावायचं आणि उरलेलं टोक आत दडपायचं. पुढच्या वर्षी मधलं, मग शेवटचं. खाली पायाला दोन इंच दुमड ठेवलेली असायची, तीही दरवर्षी उसवत जायची. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग गडद दिसायचा, त्यावरून चड्डी कितव्या वर्षात आहे हे लांबून ओळखता यायचं.

खरी गोम बटणात. सगळा भार दोन बटणांवर. मूल वाकलं, उकिडवं बसलं की मागून ताण येतो आणि बटण कापडासकट उपटून हातात. म्हणून बटणाखाली आतून कापडाचा चौकोनी ठिगळा लावायचा, आणि बटण कापडाला चिकटवून न शिवता खाली आगपेटीची काडी धरून शिवायचं. काडी काढली की दोरा सैल राहतो, त्याला चार वेढे देऊन मान करायची. अशी मान केलेलं बटण चड्डी फाटली तरी तुटत नसे, मग ते काढून पुढच्या चड्डीला.

महालकर_जुना

काकू, दंडवत. वाढत्या अंगाचं! आमची आजी हेच म्हणायची. अजून येऊ द्या.

निळी_रिबन

सुईदोरा काकू, किती छान लिहिलंत. तिरपी पट्टी तर आता कुणाला ठाऊकही नसेल.

सगळे मुलग्यांचंच सांगताहेत, म्हणून आमची बाजू. फ्रॉकखालच्या चड्डीला कमरेत इलॅस्टिक आणि वर मांड्यांनाही इलॅस्टिक. रात्री कपडे बदलताना कमरेला आणि दोन्ही मांड्यांना लाल वळ उठलेले असत. शाळेत ट्युनिक होता तोवर सुख होतं, सगळा भार खांद्यावर. पाचवीत स्कर्ट-ब्लाउज आला आणि हाल सुरू. स्कर्टाचा हूक लावायचा तर त्याचा आकडा आईनं ‘पुढच्या वर्षी सरकवू’ म्हणून दीड इंच अलीकडे लावलेला. मग काय, सेफ्टी पिन. आईच्या डाव्या हातातल्या बांगडीत कायम तीन-चार पिना अडकवलेल्या असायच्या. घरातून निघताना कुणाचंही काहीही सुटलं की बांगडीतून एक पिन कमी व्हायची.

पाचपावली_एक्सप्रेस

आमचं घर कोष्ट्याचं. माझ्या आजोबांच्या लहानपणी घरात दिवसभर मागाची खटखट, पण पोरांच्या अंगावर काय? पाच वर्षांपर्यंत फक्त करदोडा. (पुण्यामुंबईचे लोक करगोटा म्हणतात, तोच.) काळा दोरा, क्वचित कुणाला चांदीची साखळी. लोकांना वाटतं तो नजर लागू नये म्हणून. असेलही. पण त्याचं रोजचं काम लंगोटी धरून ठेवणं हे होतं. कापडाची चिंधी पुढून खोचायची, खालून मागे न्यायची, मागे खोचायची, झालं. पुढे चड्डी आली तरी करदोडा तसाच राहिला. नाडी तुटली की चड्डीचा वरचा काठ करदोड्यावरून बाहेर दुमडायचा आणि त्याचा एक पीळ मारायचा. धावलं नाही तर तासभर टिकते. आमच्या घरी पोळ्याच्या दिवशी जुना करदोडा तोडून नवा बांधत, बैलांच्या बरोबरीनं पोरांनाही नवं काहीतरी मिळे.

नाडीबद्दल एक. विकतची नाडी आमच्याकडे कधी आली नाही. जुन्या लुगड्याचा काठ फाडायचा. काठाचं विणकाम मधल्या अंगापेक्षा घट्ट, धागे दाट, त्यामुळे लुगडं विरलं तरी काठ मजबूत राहतो. फक्त रंगाचं मोल मोजावं लागे. लाल काठाची नाडी पहिल्या पावसात रंग सोडायची आणि पांढऱ्या शर्टाच्या खाली गुलाबी पट्टा उमटायचा.

कापडाचं म्हणाल तर एम्प्रेस मिलच्या जाड्याभरड्या मांजरपाटावर आणि ड्रिलवर नागपूरच्या कितीतरी पिढ्या पोसल्या. टाटांनी ही मिल सुरू केली १८७७ च्या १ जानेवारीला, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. ड्रिलची चड्डी नवी असताना इतकी ताठ असे की काढून ठेवली तर जमिनीवर उभी राही. तिला आवळणं नाडीच्या बापाला जमायचं नाही. चार धुण्यांनंतर ती माणसात यायची.

रिकामटेकडा_बर्डी

रुमाल उचलतो.

संक्रांत. नागपुरात त्या दिवशी खाली जमिनीवर कोणी नसतं हे वेगळं सांगायला नको. आमच्या गच्चीवर मी, चक्री धरायला धाकटा भाऊ, आणि आजूबाजूच्या पाच-पंचवीस गच्च्यांवर अख्खा मोहल्ला. माझी चड्डी मामेभावाची उतरलेली, इलॅस्टिक मेलेलं, खिशात कंचे (गोट्या). खिशात कंचे भरून कधी पळून बघा, मग कळेल चड्डी म्हणजे काय ते. वीस-पंचवीस कंच्यांनी चड्डी एका बाजूला तिरकी ओढली जाते.

तर पेच लागला. समोरचा ढील देऊन राहिला, मी खेचून राहिलो. दोन्ही हात मांज्यात. तेवढ्यात जाणवलं की ढील फक्त त्याच्याच पतंगीला नाही. भावाला ओरडलो, चड्डी धर! तो म्हणे, मग चक्री कोण धरेल? मी म्हटलं, चक्री धर. पतंग त्याची कापली, मोहल्ला ‘ओऽऽ काट’ करून नाचला, आणि पुढची चार वर्षं शेजारच्या गच्चीवरच्या काकू मला पाहिलं की तोंडाला पदर लावायच्या.

खामल्याचा_पोट्टा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! चक्री धर म्हणाला म्हंजे खरा नागपूरकर.

ग्रंथकीटक

जुन्या कपड्यांच्या इतिहासावर थोडं वाचन आहे, म्हणून बाहेरच्या देशांचं सांगतो. हा प्रश्न तिकडेही तितकाच जुना.

सुईदोरा यांनी ‘जोडणं’ म्हटलंय ना, त्याचं इंग्लंडमधलं ठळक उदाहरण म्हणजे स्केलेटन सूट. साधारण १७८० ते १८३० च्या काळात खात्यापित्या घरातल्या मुलांना हा पोशाख असे. आखूड जाकीट आणि उंच कमरेची विजार, आणि विजार जाकिटाला गोल बटणांच्या रांगेनं अडकवलेली. कंबर असो-नसो, विजार पडायचा प्रश्नच नाही. मात्र मुलाला एकट्याला ती काढता येत नसे. अमेरिकेत हीच युक्ती विसाव्या शतकातही काही काळ टिकली. शर्टाच्या किंवा आतल्या बंडीच्या कमरेला बटणं आणि त्यावर अर्धी विजार लावलेली.

त्याआधीचं तर मजेशीर आहे. युरोपात चार ते सात वर्षांपर्यंत मुलग्यांनाही झगेच घालत. विजारीचे बंद आणि बटणं लहान मुलाला वेळेवर सुटणं कठीण, हे त्यामागचं एक मोठं कारण. पहिली विजार घालायचा दिवस म्हणजे घरात समारंभ. आपल्याकडे त्या वयात नुसतं झबलं आणि खाली मोकळा कारभार, विचार एकच. चीनमध्ये मधोमध उघडी विजार घालत, म्हणजे सोडायची भानगडच नको.

गॅलिसच्या पट्ट्या खांद्यावरून घसरतात ही तक्रारही जुनी. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडच्या चामडी चड्ड्यांना छातीवर एक आडवी पट्टी असते, दोन पट्ट्यांना जोडणारी. शोभेची वाटते, पण काम तेच, पट्ट्या फाकू न देणं.

सेफ्टी पिनेचा जनक वॉल्टर हंट हा अमेरिकन. १८४९ मध्ये पेटंट घेतलं आणि हक्क चारशे डॉलरला विकून मोकळा झाला. निळी_रिबन यांच्या मातोश्रींच्या बांगडीचा हिशोब त्यानं पाहिला असता तर विकले नसते.

पँटच्या चेनीचं एक सांगतो आणि थांबतो. आज आपण वापरतो तशी चेन गिडियन सुंडबॅकनं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घडवली. पण कपड्यांत तिला खरा शिरकाव मिळाला तो १९३० च्या दशकात, आणि त्यात लहान मुलांच्या कपड्यांचा हात मोठा. ‘मूल स्वतःचं स्वतः कपडे घालायला शिकेल’ अशी जाहिरात करून कंपन्यांनी चेनीचे कपडे आयांना विकले.

सुईदोरा

ग्रंथकीटक, ती छातीवरची आडवी पट्टी मीही लावत असे. मला कुणी ऑस्ट्रिया सांगितला नव्हता. एका मुलाची पट्टी सारखी घसरायची, त्याची आई वैतागून आली, तिच्या समोर बसून लावून दिली.

बंडू_बडबडे

चेन? पोरांना चेन म्हणजे अत्याचार. ज्याची अडकलीय त्यालाच कळेल, अधिक तपशिलात शिरत नाही. बटणं असताना फार तर ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ ऐकावं लागे, जीव तरी वाचायचा.

आणि नागपुरात हाफपँटीचा विषय निघून एवढे प्रतिसाद झाले तरी संघाचं नाव नाही? खाकी हाफपँट आणि रुंद चामडी पट्टा. २०११ मध्ये चामड्याचा पट्टा गेला, २०१६ च्या दसऱ्याला हाफपँटही जाऊन तपकिरी फुलपँट आली.

महालकर_जुना

@बंडू_बडबडे, माहिती बरोबर आहे. पण मंडळी, इथून पुढे राजकारणावर जाऊ नका ही कळकळीची विनंती. पट्ट्यापुरतं बोला.

बंडू_बडबडे

बरं, पट्ट्यापुरतं. मुलांच्या मापाचा पट्टा विकत मिळतो हे मला कॉलेजात कळलं. वडिलांचा झिजलेला पट्टा मोठ्या भावाकडे, त्याच्याकडून माझ्याकडे. भोकं आपल्या मापाची नसतातच. मग खिळा चुलीत लाल करायचा, सांडशीत धरायचा आणि पट्ट्यावर टेकवायचा. चामडं चर्र करतं, घरभर जळका वास, आई ओरडते. आमच्या पट्ट्याला अशी एकापुढे एक भोकं पडत गेली आणि ती एका ओळीत कधीच नव्हती. वरून पट्टा आवळला की ढगळ चड्डीच्या पुढे-मागे चुण्या पडत, कमरेला घागरा नेसल्यासारखं. तरी पट्टा मिळाला म्हणजे आपण मोठे झालो, ही ऐट वेगळीच. गॅलिसवाल्यांना आम्ही बाळ म्हणायचो आणि मागून पट्टी ताणून सोडायचो. फाट्!

धंतोलीकर

ते गॅलिसवाले बाळ म्हणजे आम्ही. धन्यवाद.

माझ्या मते गॅलिसमध्येही दोन जाती होत्या. घरच्या कापडाच्या पट्टीचं गॅलिस वेगळं आणि दुकानातून आणलेलं, पितळी चाप असलेलं, ताणणारं गॅलिस वेगळं. दुसरं फोटो काढायला आणि मुंजीला. चाप चांगला घट्ट असला तर कापडाला भोक पाडतो, ढिला असला तर ऐन वेळी सुटून थेट हनुवटीवर. आमच्या एका मामांच्या हनुवटीवर ती खूण अजून आहे, ते ती क्रिकेटची म्हणून सांगतात.

रबरी_सत्य

इलॅस्टिकबद्दल कुणी लिहीना, म्हणून मी. रबराच्या धंद्यात उमेदीची वर्षं गेली.

ताणणाऱ्या पट्ट्यांचं पहिलं पेटंट थॉमस हॅनकॉक या इंग्रजाचं, १८२० चं. हातमोजे, गॅलिस, मोजे यांच्यासाठीच. पण कच्चं रबर थंडीत दगड आणि उन्हाळ्यात चिकट होतं. गंधक घालून ते पक्कं करायची रीत गुडइयरला सापडली, तिचं अमेरिकन पेटंट १८४४ चं. तिथून पुढे इलॅस्टिक भरवशाचं झालं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं १९४२ मध्ये मलाया घेतला आणि दोस्तांचं रबर आटलं. ब्रिटनमध्ये तर कपड्यांतल्या इलॅस्टिकवर बंधनं आली आणि पोरं पुन्हा बटणांवर गेली. आपल्याकडे युद्धकाळात कापडावरच नियंत्रण, तिथे इलॅस्टिकचं कोण विचारतो. चाळीसच्या दशकात जन्मलेल्यांना नाडी का आठवते, त्याचं एक उत्तर यात आहे.

आता नागपूरचा खास मुद्दा. इलॅस्टिकची पट्टी कापून बघा. आत लांबीच्या दिशेनं रबराचे बारीक धागे असतात आणि त्यांच्याभोवती सूत विणलेलं. सूत झिजत नाही, मरतं ते रबर. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या साखळ्या तोडतात, ऊन आणि उष्णता ते काम झपाट्यानं करतात, घाम आणि तेल हातभार लावतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, गच्चीवरच्या तारेवर चड्ड्या दुपारभर भाजतायत, संध्याकाळी आई त्या कडक पापडासारख्या खाली आणते. इलॅस्टिक टिकणार कसं? मेलेलं इलॅस्टिक ताणलं की कर्रकर्र आवाज येतो आणि पांढरे तुकडे बाहेर डोकावतात. तो आवाज आला की समजायचं, उद्यापासून हात लावूनच चालायचं. सावलीत, उलटी करून वाळवली तर तीच चड्डी दुप्पट चालते. आमच्या घरात हे कुणी ऐकत नाही, तुमच्याकडे बघा.

पाचपावली_एक्सप्रेस

@रबरी_सत्य, म्हणूनच आमच्या आईचा इलॅस्टिकवर विश्वास नव्हता. बुधवार बाजारातून मीटरवर इलॅस्टिक आणायची, पण नेफ्यात इलॅस्टिकच्या सोबत नाडीपण ओवून ठेवायची. एक मेलं तर दुसरी आहे.

निळी_रिबन

ओवणं! हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आमच्याकडे घरातल्या सगळ्या परकरांच्या आणि पायजम्यांच्या नाड्या ओवायचं खातं माझ्याकडे होतं. मोठी सेफ्टी पिन नाडीच्या टोकाला लावायची आणि नेफ्यात सोडायची. बाहेरून चिमटीत पिन धरून कापड मागे सारायचं, पुन्हा पुढची चिमूट. अर्ध्यावर गेल्यावर पिन आत उघडते आणि कापडात रुतते. तेव्हा रडावंसं वाटतं. पिन नसली की झाडूची काडी, जुन्या टूथब्रशच्या दांडीला असलेलं भोक, काहीही. आणि ओवून झाल्यावर लक्षात येतं की दुसरं टोक बांधून ठेवलंच नव्हतं, तेही ओढलं जाऊन आत आलंय.

खाष्ट_खडूस

टूथब्रशची दांडी सर्वोत्तम. शिवणीच्या जाड जागी अडकत नाही.

खामल्याचा_पोट्टा

आले! खडूसभौ आले!

तिरुपूर_रिटर्न

मूळ रामदासपेठचा, बरीच वर्षं तिरुपूरला निर्यातीच्या कपड्यांत काढली. आजच्या पोरांच्या कपड्यांत काय चालतं ते सांगतो, कारण वर जे जे आलंय त्यातलं बहुतेक अजून जिवंत आहे, फक्त आत लपलंय.

लहान मुलांच्या जीन्सची कमर उलटी करून बघा. आत काजांची माळ असलेलं एक इलॅस्टिक सापडेल आणि बाजूला एक बटण. ढिली झाली की इलॅस्टिक ओढून पुढचं काज लावायचं. सुईदोरा काकूंची तीन काजं तीच, आडवी झालीत. कंपनीही वाढत्या अंगाचंच शिवते, मात्र त्याला चार इंग्रजी शब्द लावून जास्त पैसे घेते.

नाडीचे मात्र दिवस फिरले. मुलांच्या कपड्यांच्या लोंबत्या नाड्या बसच्या दारात, घसरगुंडीच्या फटीत अडकून परदेशांत अपघात झाले, त्यात मुलं दगावली. अमेरिकेनं १९९६ मध्ये त्यावर मार्गदर्शक नियम काढले. जाकिटासारख्या वरच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला नाडी बंद. कमरेला असेल तर कपडा पूर्ण ताणल्यावर टोक तीन इंचांहून जास्त बाहेर येता कामा नये, आणि नाडी मधोमध शिवून पक्की केलेली हवी, म्हणजे ती ओढून बाहेर निघत नाही. युरोपचेही असेच नियम आहेत, ते विजारीच्या नाडीलाही लागतात. म्हणून छोट्यांच्या पायजम्यावर पुढे जी नाडी दिसते ती पुष्कळदा नुसतं फूल असतं, शिवून टाकलेलं. आवळायचं काम आतलं इलॅस्टिक करतं. पहिल्यांदा अशी हजारो खोटी फुलं शिवताना कारागीर बायका हसत होत्या, की ही कसली नाडी, जी सुटत नाही न बांधत नाही.

खामल्याचा_पोट्टा

म्हंजे आत्ताच्या पोट्ट्यायले निरगाठ म्हंजे काय तेच मालूम नाई! कठीण आहे राजेहो.

धंतोलीकर

काकू, एक विचारायचं होतं. नातवासाठी तान्ह्या पोळ्याला (पोरं लाकडी बैल ओढत नेतात, तो सण) गॅलिसची चड्डी शिवून घ्यायचीय. वय चार. आजकालच्या शिंप्याला समजावून सांगावं लागेल. कापड किती आणू?

सुईदोरा

चार वर्षांच्या मुलाला पाऊण मीटर पुष्कळ झालं, त्यातच पट्ट्या निघतील. सुती ड्रिल घ्या, आधी एकदा पाण्यातून काढून आटवून मगच कापायला द्या. गांधीबागेत ठोक दुकानदार पाऊण मीटर देणार नाही, तो धमकावून ताका घ्यायला लावील, त्यापेक्षा महालात किरकोळीत बघा. पट्टीची लांबी अंदाजे घेऊ नका. मागे कमरेपासून उलट्या खांद्यावरून पुढे कमरेपर्यंत फीत टाकून मापा आणि त्यात तीन इंच मिळवा. मुलाला मापताना उभा न ठेवता उकिडवा बसवा. उभ्याचं माप घेतलं तर बैल ओढायला वाकला की बटण गेलं म्हणून समजा.

महालकर_जुना

उकिडवा बसवून माप, हे नोंदवून ठेवतो. काकू, मोठ्या मुलांच्या ट्रॅकपँटचं काय करायचं? त्यांना अजून खरी नाडी असते आणि वॉशिंग मशीनमधून दर वेळी एक टोक नेफ्यात जाऊन बसतं.

सुईदोरा

मशीनमध्ये टाकण्याआधी दोन्ही टोकं एकमेकांना बांधायची. सुरगाठ हो, निरगाठ नको.

खाष्ट_खडूस

+१. आणि उलटी करून टाका, सावलीत वाळवा.